परसातली शाळा

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज मला इथे चार शब्द बोलायला बोलावले आहे. तुम्ही सगळे नव्याने लिहायला-वाचायला शिकला आहात. तुमचे मी आधी मनापासून कौतुक करतो. दिवसभर रानात राबायचे आणि संध्याकाळी पाटी घेऊन बसायचे, हे सोपे काम नाही.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. ३८ वर्षे मास्तरकी केली. शेवटी मुख्याध्यापक होऊन घरी बसलो. तेव्हा तुम्हाला वाटत असेल, गुरुजी आज आपल्याला काही शिकवणार. पण मंडळी, आज उलटे आहे. मी स्वतः कसा शिकलो, तेच आज सांगणार आहे. तेही निवृत्त झाल्यावर. ती शाळा माझ्या घरामागे भरली, परसात. तिथले माझे गुरू कोण, ते पुढे कळेलच. त्यांतल्या एक तर आत्ता तुमच्यातच बसल्या आहेत. त्यांचे नाव घेतले तर त्या उठून जातील. म्हणून मी त्यांना नुसते मावशी म्हणतो. सारा गाव त्यांना मावशीच म्हणतो.

निवृत्त झालो, तेव्हा हाताला काम नव्हते. घरामागे तीन गुंठे जागा मोकळी पडली होती. तिथे नुसते गवत आणि काँग्रेस माजलेले. मनात आले, इथे परसबाग करावी. घरची ताजी भाजी मिळेल. नातीला खाऊ घालता येईल. तांदळी, मेथी, शेवग्याचा पाला, लाल भोपळा या भाज्यांनी डोळे चांगले राहतात, रक्त वाढते, हे मी शाळेत मुलांना शिकवलेच होते. आता करून पाहू म्हटले.

गवत काढले. वाफे केले. मोरीचे पाणी केळीकडे वळवले. पावसाळ्याच्या तोंडी वांगी, मिरची आणि भेंडी लावली. कुंपणाच्या कडेने लाल भोपळा आणि काकडी टोकली. एका कोपऱ्यात लिंबाचे रोप लावले. सगळे कसे तरारून आले! मी रोज सकाळी खुर्ची टाकून बसायचो आणि वाफ्यांकडे बघून खूष व्हायचो.

मावशी आमच्या शेजारी राहतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या परसात बारा महिने काहीतरी लटकलेले असते. घेवडा, दोडका, कारले, काही ना काही. एक दिवस कुंपणावरून त्या म्हणाल्या, "गुरुजी, वांग्याला पानी लई होतंय. आन् भोपळ्याचा येल दाटीत लावलाय तुमी."

मी हसलो. म्हणालो, "बरं, बरं." पण मनात काय आले, ते खरे सांगतो. मनात आले, या बाईला नीट सही करता येत नव्हती परवापर्यंत. ही मला काय शिकवणार?

मंडळी, माझी पहिली चूक ही. पुढचे सगळे त्यातूनच झाले.

भाद्रपदात वांग्यावर मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे बारीक किडे थापल्यासारखे दिसत. पाने चिकट झाली. त्यांवर मुंग्या फिरू लागल्या. माझा जीव कळवळला. तेव्हा मी कोणाला विचारायला हवे होते? शेजारी मावशी होत्या. गावात कृषी सहायक येतात. फोन हातात होता. पण विचारले तर कमीपणा येईल असे वाटले. मुख्याध्यापक ना मी!

पुतण्याच्या गोठ्यात कपाशीच्या फवारणीचे औषध उरलेले होते. अर्धी बाटली. ती उचलून आणली. तिच्यावर कागद चिकटवलेला होता. त्यावर बारीक अक्षरांत पुष्कळ काही लिहिले होते. तो कागद मी वाचला नाही. जन्मभर मुलांना वाचायला शिकवले, आणि त्या दिवशी स्वतः वाचले नाही. चष्मा घरात होता. कोण आत जाणार? अंदाजाने दोन झाकणे पंपात ओतली. मग वाटले, थोडे जास्त बरे. म्हणून तिसरे ओतले. नाकातोंडाला फडकेसुद्धा न बांधता भर सकाळी सगळ्या बागेवर फवारा मारला. वांग्यावर मारला. उरले ते वाया कशाला घालवायचे, म्हणून भोपळ्यावर आणि काकडीवरही मारला.

दुसऱ्या दिवशी मावा मेलेला दिसला. मी खूष.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी नात परसात खेळत होती. सहा वर्षांची पोर. तिने वेलावरची कोवळी काकडी तोडली. हौदावर धुतली आणि खाल्ली. अर्ध्या-पाऊण तासाने ती घरात आली. तोंडातून लाळ गळत होती. पोट धरून रडत होती. मग उलट्या सुरू झाल्या. अंग घामाने भिजले. मला वाटले, उन्हाने झाले असेल. आमच्या सौभाग्यवती मिठाचे पाणी पाजायला निघाल्या. तेवढ्यात पोरीच्या हातातून काकडीचा देठ खाली पडला. तो पाहिला आणि माझे पाय लटपटले.

पुतण्याने मोटारसायकल काढली. मी नातीला मांडीवर घेऊन मागे बसलो. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी विचारले, "काही फवारलं होतं का?"

मी म्हणालो, "होय. कपाशीचं औषध."

"कोणतं? नाव सांगा. बाटली आणलीत का?"

बाटली आणली नव्हती. नावही ठाऊक नव्हते. डॉक्टर म्हणाले, "लक्षणांवरून मी उपचार सुरू करतो. पण नाव कळलं तर बरं होईल. घरी फोन करा."

घरी फोन केला. सौभाग्यवतींना रडू आवरत नव्हते. त्यांनी फोन मावशींच्या हातात दिला. मावशी ऐकून धावत आल्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, हौदाजवळ बाटली आहे. ती कोणाला तरी वाचायला लावा."

मावशी म्हणाल्या, "कुनाला शोधू आता? समदे रानात गेलेत. म्याच वाचते."

बाटलीवर नाव देवनागरी अक्षरांतही छापलेले होते. मावशींनी एकेक अक्षर लावून ते वाचले. काना, मात्रा, वेलांटी, सगळे सांगितले. मी ते जसेच्या तसे डॉक्टरांना सांगत गेलो. मावशी पुढे म्हणाल्या, "शंकरपाळीगत चौकोन हाय बगा. खालचं अर्धं लाल हाय. वरच्या अर्ध्यात मढ्याची कवटी हाय."

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "कळलं. त्या बाईंना सांगा, हात साबणाने धुवा आणि बाटली मुलांपासून लांब ठेवा."

मावशी त्या वर्षी या वर्गात नव्या आल्या होत्या. जोडाक्षरे नुकती शिकत होत्या. मंडळी, ३८ वर्षांच्या मास्तराने जो कागद वाचला नाही, तो सहा महिने शिकलेल्या बाईने वाचला.

माझी नात वाचली. तीन दिवस दवाखान्यात होती. पहिल्या रात्री मी तिच्या उशाशी बसून होतो. दर तासाला डॉक्टर येऊन डोळे बघत, छाती तपासत. पहाटे तिने पाणी मागितले. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

हे मी तुम्हाला का सांगतो? माझी फजिती ऐकून तुम्ही हसावे म्हणून नव्हे. हे औषध म्हणजे विष आहे, हे आपण विसरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ती तुमच्या-आमच्यासारखीच कष्टाची माणसे होती.

म्हणून औषधाच्या बाटलीवरची खूण आज नीट समजून घ्या. प्रत्येक बाटलीवर शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन असतो. त्याचे दोन भाग असतात. खालच्या भागाला रंग असतो. लाल रंग म्हणजे सर्वांत जहरी. त्याच्या खालोखाल पिवळा. मग निळा. मग हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक असे समजू नका. तेही विषच, फक्त कमी जहाल. औषध कोणत्या पिकासाठी आहे, किती पाण्यात किती घालायचे, आणि फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही, हे सगळे सोबतच्या माहितीपत्रकात छापलेले असते. काही औषधे झाडाच्या रसातच भिनतात. ती नुसती धुऊन जात नाहीत. माझ्या नातीने काकडी धुतलीच होती.

आणि कोणाला विष बाधलेच, तर घरगुती उपाय करत बसू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. अंगावर औषध सांडले असेल तर कपडे बदला आणि अंग साबणाने धुवा. १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. बाटली किंवा तिच्यावरचा कागद दवाखान्यात सोबत न्या. मी हे चुकलो. तुम्ही चुकू नका.

आता पुढची गोष्ट ऐका.

नात घरी आली. मी वांगी, मिरची, काकडी सगळे उपटून खड्ड्यात पुरले. भोपळ्याचा वेल मात्र ठेवला. त्याला नुसती फुले येत होती. पिवळीधमक, वाटीएवढी. पण फळ धरत नव्हते. काही फुलांमागे सुपारीएवढा भोपळा दिसे. चार दिवसांत तो पिवळा पडून गळून जाई.

या खेपेला मी लाज सोडली. कुंपणापाशी गेलो आणि म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. जरा येऊन बघता का?"

मावशी आल्या. वेलाकडे पाहिले. मग थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मी विचारले, "काय झालं?"

त्या म्हणाल्या, "ऐका की. काय ऐकू येतं?"

मी कान दिला. काहीच ऐकू येत नव्हते.

"तेच तर," मावशी म्हणाल्या. "येवढी फुलं, आन् एक माशी न्हाई. तुमच्या फवाऱ्यानं माश्या मेल्या गुरुजी. आता फळ कोन धरवनार?"

मग त्यांनी मला फुले दाखवली. भोपळ्याच्या वेलाला दोन जातींची फुले येतात. एक नर, एक मादी. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक असतो. मागे काही नसते. मादी फुलाच्या मागे इवलासा गोल भोपळा असतो. वेलाला आधी नर फुले येतात, मादी फुले मागाहून. नर फुलाच्या आत पिवळी भुकटी असते, तिला पराग म्हणतात. मधमाशी नर फुलात जाते. तिच्या अंगाला पराग चिकटतात. मग ती मादी फुलात जाते. पराग तिथे लागले की फळ धरते. नाही लागले की तो इवला भोपळा गळतो.

मी शाळेत हाच धडा कितीतरी वर्षे शिकवला होता. फळ्यावर फुलाचे चित्र काढले होते. पण वेलावर नर कोणता आणि मादी कोणती, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

मावशी म्हणाल्या, "सकाळी लौकर या. भोपळ्याचं फूल पहाटं उमलतं आन् ऊन चढलं की मिटतं."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच आम्ही वेलापाशी गेलो. मावशींनी एक ताजे नर फूल तोडले. त्याच्या पाकळ्या अलगद काढून टाकल्या. मधला परागाचा दांडा राहिला. तो मादी फुलाच्या मधल्या भागावर हलक्या हाताने फिरवला. एवढेच. मग मला म्हणाल्या, "आता तुमी करा."

मी केले. माझे हात थरथरत होते. आठ दिवसांनी पाहिले, तर तो भोपळा लिंबाएवढा झाला होता आणि गळला नव्हता. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो एखाद्या मुलाला पहिल्यांदा वाचता येते तेव्हा होतो, तसा होता.

त्या वर्षी चार भोपळे हाती आले. मावशींनी सांगितले, "सगळ्यात चांगला येलावर पिकू द्या. बियाला ठेवा." तो पिकला. बिया काढून धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि राखेत घोळून डब्यात ठेवल्या. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दुकानातल्या संकरित बियाण्याचे बी धरले, तर पुढच्या पिढीला तसेच फळ येईल असा भरवसा नसतो. घरी बी धरायचे, तर वाण गावरान हवा.

तुम्ही म्हणाल, मावशींना हे कोणी शिकवले? त्यांच्या आईने. आईला तिच्या आईने. हे ज्ञान पुस्तकात नव्हते म्हणून ते कमी ठरत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्या शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी भाज्यांचे आणि धान्यांचे गावरान वाण गोळा केले, जपले आणि इतर बायांना दिले. घरात बियाण्यांची बँक केली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. शिकलेली माणसे त्यांच्याकडे शिकायला जातात.

पण मंडळी, मावशींनाही सगळे ठाऊक नव्हते. हेही तुम्हाला सांगितले पाहिजे.

पुढच्या साली वांग्यावर पुन्हा मावा आला. मावशी म्हणाल्या, "ह्याला म्या राख टाकते. कधी जातो, कधी न्हाई." तेव्हा आम्ही दोघांनी ठरवले की आणखी कोणाला तरी विचारायचे. जिल्ह्याच्या कृषि विज्ञान केंद्रात फोन केला. शेतकऱ्यांना नवी माहिती मिळावी म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रे आहेत. देशातले पहिले केंद्र १९७४ साली पाँडिचेरीला निघाले. आमच्या केंद्रातल्या एक बाई पुढच्या आठवड्यात गावात यायच्याच होत्या. त्या आमच्या परसात आल्या.

त्यांनी पिशवीतून भिंग काढले. मला म्हणाल्या, "गुरुजी, आधी बघा. मग ठरवू."

भिंगातून मी वांग्याचा शेंडा पाहिला. मावा होताच. पण त्यात आणखी कोणीतरी होते. मसुराएवढा, तांबडा, पाठीवर काळे ठिपके असलेला किडा मावा खात होता. बाई म्हणाल्या, "हा ढालकिडा. आणि ही बघा त्याची अळी." ती अळी काळपट, खरखरीत, बारीक सुसरीसारखी दिसत होती. मी म्हणालो, "अहो, हिला तर मी कालच चिरडली. मला वाटलं, हीच पान खाते."

बाई हसल्या. म्हणाल्या, "पुष्कळांना तसंच वाटतं. ढालकिडा आणि त्याची अळी दिवसाला डझनावारी मावा खातात. मागल्या साली तुमच्या फवाऱ्याने मावा मेला, तसे हेही मेले असणार. मावा लवकर वाढतो. ते लवकर वाढत नाहीत. म्हणून विष मारलं की कधी कधी मावा दुप्पट होऊन परत येतो."

मग त्यांनी उपाय सांगितला. मावा थोडा असेल, तर पाण्याचा जोराचा फवारा मारून तो खाली पाडायचा. फार भरलेला शेंडा खुडून टाकायचा. तरी वाढला, तर निंबोळीचा अर्क करायचा. वाळलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून त्याची भुकटी करायची. ५० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी फडक्याने गाळायची. त्यात चिमूटभर साबणाचा चुरा मिसळायचा. आणि फवारायची ती संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर. अर्क ताजाच वापरायचा, साठवून ठेवायचा नाही.

लिंबाच्या रोपाकडे बाई वळल्या. एका पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखे काही दिसत होते. मी ते पुसायला गेलो, तर ते हलले! बाई म्हणाल्या, "ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. विष्ठेसारखी दिसते, म्हणून पाखरं हिला खात नाहीत. मोठी झाली की हिरवी होते. रोप लहान आहे, तेव्हा जास्त अळ्या असतील तर हाताने वेचा. झाड मोठं झालं की दोन-चार अळ्यांचं काही मनावर घेऊ नका."

मी एक अळी फांदीसकट बरणीत ठेवली. तोंडाला फडके बांधले. नात रोज तिला लिंबाची ताजी पाने घाली. अळीचा कोष झाला. एका सकाळी कोष फुटला आणि काळे-पिवळे फुलपाखरू बाहेर आले. पंख वाळेपर्यंत ते काडीवर बसून राहिले. मग उडून गेले. नात टाळ्या पिटत अंगणभर नाचली. मीही उभ्या आयुष्यात ते पहिल्यांदाच पाहिले.

जाताना त्या बाईंनी काय केले, ते ऐका. त्या मावशींच्या परसात गेल्या. मावशी घेवड्याच्या कोणत्या शेंगा बियाला ठेवतात, कशा वाळवतात, हे त्यांनी विचारले आणि स्वतःच्या वहीत लिहून घेतले. मावशी लाजून म्हणाल्या, "अवं, तुमी येवढ्या शिकलेल्या. माझं काय लिवता?" बाई म्हणाल्या, "मावशी, मला जे येतं ते मी सांगितलं. तुम्हाला जे येतं ते तुम्ही सांगा."

हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

आता एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगतो. सलीम अली हे नाव पुष्कळांच्या कानावर असेल. ते १८९६ साली मुंबईत जन्मले. आईबाप लहानपणीच वारले. मामांनी त्यांना वाढवले. एकदा त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतात तो तिच्या गळ्याला पिवळा ठिपका! ही कसली चिमणी? मामांना विचारले. मामांना सांगता आले नाही. पण त्यांनी पोराला गप्प बस म्हटले नाही. मुंबईत निसर्गाचा अभ्यास करणारी एक संस्था होती, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. मामांनी त्याला तिथे पाठवले. तिथले चिटणीस मिलर्ड नावाचे साहेब होते. त्यांनी चिमणी ओळखली. एवढेच नव्हे, तर जपून ठेवलेली शेकडो पाखरे त्या पोराला एकेक करून दाखवली.

तो पोर पुढे पक्ष्यांचा जगप्रसिद्ध जाणकार झाला. भारतातल्या पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक १९४१ साली निघाले. १९८७ साली ते वारले, पण पाखरे पाहणारी माणसे आजही ते पुस्तक वाचतात. हे सगळे कशातून झाले? "ही कसली चिमणी?" एवढ्या एका प्रश्नातून. मामा म्हणाले असते, चिमणी ती चिमणी, जा अभ्यास कर, तर गोष्ट तिथेच संपली असती.

आणि जाणकार तरी कोण? मला आधी वाटे, पदवी असेल तो जाणकार. आता वाटते, ज्याने ती वस्तू डोळ्यांनी पाहिली, हातांनी केली आणि जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगितले, तो जाणकार. माझ्या मावशी म्हणाल्या होत्या, "कधी जातो, कधी न्हाई." ज्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच बाटली असते, त्याच्यापासून मात्र चार हात लांब राहा.

शेवटी तुम्हाला चार कामे सांगतो. हा तुमचा घरचा अभ्यास समजा.

पहिले काम. घरामागे, दारापुढे, हातभर का होईना, जागा असेल तर एक वेल लावा. जागा नसेल तर फुटक्या घागरीत मिरचीचे रोप लावा. रोज सकाळी त्याच्याकडे थोडा वेळ नुसते पाहा. कोण येते, कोण बसते, कोण काय खाते, ते पाहा. किडा दिसला की लगेच मारू नका. तो पान खातो की दुसऱ्या किड्याला खातो, ते आधी बघा.

दुसरे काम. अडले की विचारा. आधी गावातल्या जुन्या जाणत्याला विचारा. मग कृषी सहायकांना विचारा, कृषि विज्ञान केंद्रात विचारा. शेतकऱ्यांसाठी सरकारचा फुकट फोन आहे, किसान कॉल सेंटर. नंबर लिहून घ्या, १८००-१८०-१५५१. मराठीत बोलता येते. विचारल्याने कोणी लहान होत नाही. मी विचारले नाही, तेव्हाच लहान झालो.

तिसरे काम. वाचा. आता तुम्हाला वाचता येते. बियाण्याच्या पाकिटावरचे वाचा. खताच्या पोत्यावरचे वाचा. औषधाच्या बाटलीवरचे तर वाचल्यावाचून झाकणच उघडू नका. अक्षर बारीक असेल तर चष्मा आणा. आळस करू नका.

चौथे काम. लिहा. एक वही करा. बी कधी पेरले, फूल कधी आले, कीड कोणती पडली, काय केले, गुण आला का, हे तारखेनिशी लिहा. दोन ओळी पुरेत. तुमच्या आईने तुम्हाला जे तोंडी सांगितले, ते तुमच्या वहीत राहील आणि नातवंडांना वाचता येईल. मावशींनी अशी वही केली आहे. पहिल्या पानावर त्यांनी लिहिले आहे, "घेवडा. पाच जाती. आईचे बी." अक्षर वेडेवाकडे आहे, पण ते वाचताना माझे डोळे भरून आले.

माझी नात आता नऊ वर्षांची आहे. सकाळी उठली की ती आधी भोपळ्याच्या वेलाकडे धावते. परवा ती ओरडत आली, "आजोबा, आज एका फुलात तीन माश्या आल्या!" मी तिच्याबरोबर गेलो. वेलापाशी उभा राहिलो. आता कान द्यावा लागत नाही. सगळा वेल गुणगुणत असतो.

मावशींनी आणलेले भोपळ्याचे बी त्या पिशवीत आहे. घरी जाताना प्रत्येकाने चार-चार बिया घेऊन जा. कसे टोकायचे, ते मला विचारू नका. मावशींना विचारा.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.